भिंतीवर आलेला पाहुणा कोण?

(मंडळाच्या रौप्यमहोत्सवी वर्षातील हळदीकुंकवाच्या मेळाव्यात केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला सांगितले की, या वर्षी प्रत्येकीने आपल्याला जे येते त्यावर दहा मिनिटे बोलायचे. माझ्याआधी एकीने कोकमाच्या आगळाविषयी सांगितले, दुसरीने गोधडीच्या टाक्यांविषयी सांगितले. माझ्याकडून तुम्ही बहुधा लोणच्याची अपेक्षा केली असेल. पण मी आज पतंगांविषयी बोलणार आहे. संक्रांतीला मुले उडवतात ते पतंग नव्हेत. पावसाळ्यात दिव्यावर येतात, भिंतीला चिकटून बसतात आणि ज्यांना पाहून आपण झाडू शोधतो, ते पतंग. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा मी काही शास्त्रीय व्याख्यान देणार नाही. आपल्या घाटाखालच्या गावात, रानाला लागून असलेल्या माझ्या घरात जे मी डोळ्यांनी पाहिले आणि जाणत्या माणसांकडून समजून घेतले, तेवढेच सांगते.

याची सुरुवात झाली ती माझ्या सासूबाईंमुळे. २०१६ सालचा जून महिना होता. सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या. त्यांची खाट आम्ही माजघरात, उजेडाचा त्रास होऊ नये म्हणून काळोख्या बाजूला टाकली होती. एके दिवशी सकाळी मी पेज घेऊन गेले तर त्या भिंतीकडे एकटक बघत होत्या. म्हणाल्या, “गो, ता काय गो थंय भिंतीर?” मी वर पाहिले आणि माझ्याही हातातली वाटी हलली. तळहात पसरावा तेवढा एक काळपट तपकिरी पतंग पंख भिंतीला चिकटवून बसला होता आणि त्याच्या अंगावरून दोन मोठे डोळे आमच्याकडे बघत होते. अगदी घुबडासारखे.

शेजारपाजारच्या बायका आल्या. त्यांनी काय सांगितले ते मी येथे बोलणार नाही, तुम्ही ओळखलेच असेल. ते सारे दाराबाहेर हळू आवाजात बोलले गेले, पण आजारी माणसाचे कान फार तिखट असतात. त्या दिवसापासून सासूबाईंनी अन्न सोडले. तीन दिवस नुसत्या पाण्यावर होत्या. पतंगही तीन दिवस तेथेच. रात्री कुठे जाई आणि पहाटे पुन्हा त्याच जागी येऊन बसे. एकीने तर झाडू उगारला होता, पण सासूबाईंनीच हात वर करून तिला थांबविले. त्यांना वाटले, मारला तर आणखी काही वाईट होईल.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी वनखात्यातले एक रखवालदार भाऊ पावसासाठी आमच्या ओट्यावर थांबले होते. चहा देताना मी त्यांना ही गोष्ट सांगितली. ते आत आले, बॅटरीच्या उजेडात त्यांनी पतंग पाहिला आणि मला विचारले, “वहिनी, घराच्या मागे फणस कुजलेत काय?” मला नवल वाटले. आमच्या परसात पडलेल्या फणसांचा ढीगच होता, माणूस आजारी म्हणून उचलायला कोणाला सवड नव्हती. ते म्हणाले, “हा घुबडपतंग. इंग्रजीत आऊल मॉथ म्हणतात. रात्री पिकल्या-कुजल्या फळांचा रस पितो आणि दिवसा काळोखी जागा बघून झोपतो. तुमच्या परसात त्याचे जेवण आहे आणि माजघरात बिछाना. डोळे म्हणता ते पंखावरचे चित्र आहे. पाखराने चोच मारू नये, म्हणून भीती घालायला.”

हे सगळे सासूबाईंनी ऐकले. थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग तीन दिवसांत पहिल्यांदा हसल्या. म्हणाल्या, “म्हणजे माका न्हेवक नाय गो, फणस खावक इलो तो! आता पेज हाड.” दुसऱ्या दिवशी मी फणसांचा ढीग खड्ड्यात पुरला आणि दोन दिवसांत पाहुणाही गेला. सासूबाई त्यानंतर तीन वर्षे होत्या. त्या माणसाने औषधाची एक गोळीसुद्धा दिली नव्हती. त्याने फक्त पाहुण्याचे नाव आणि येण्याचे कारण सांगितले. तेव्हापासून मी ठरविले की, माझ्या भिंतीवर जो कोणी येऊन बसेल त्याचे नाव मला ठाऊक असले पाहिजे.

आता तुम्ही म्हणाल, पतंग ओळखणे हे शिकल्यासवरल्यांचे काम. तसे नाही. आपण बायका दुकानात दुरून साडी पाहून ही इरकली, ही महेश्वरी, ही पैठणी असे सांगतो ते कशावरून? काठ पाहतो, पदर पाहतो, बुट्टी पाहतो. नुसत्या रंगावर कोणी साडी ओळखत नाही, कारण लाल इरकलीही असते आणि लाल पैठणीही. पतंगांचेही नेमके तसेच आहे. रंगावर जाऊ नये, आकारमानावर तर मुळीच जाऊ नये, काठ आणि बुट्टी पाहावी.

पहिल्याने फुलपाखरू आणि पतंग यांतला फरक पाहू. फुलपाखराच्या मिशा बारीक काडीसारख्या असून टोकाला जाड होतात. पतंगाच्या मिशा दोऱ्यासारख्या निमुळत्या किंवा पिसासारख्या झालरीच्या असतात. फुलपाखरू बसताना बहुधा पंख पाठीवर मिटून उभे धरते, तर पतंग बहुधा ते आडवे पसरतो किंवा छपरासारखे उतरते ठेवतो. पतंगाचे अंग जाड आणि लवदार असते. बरेचसे पतंग रात्रीचे, पण काही दिवसाही उडतात, तेव्हा वेळेवरून निकाल देऊ नये. आपल्या राज्याने २०१५ साली एका निळ्याकाळ्या फुलपाखराला, ब्ल्यू मॉरमॉनला, राज्य फुलपाखराचा मान दिला. पतंगाच्या वाट्याला मात्र अजून झाडूच येतो.

आपल्या बाजूला घरात येणारे मोठे पतंग मुख्यतः चार. एक तर घुबडपतंग, तो सांगितलाच. त्याची खूण अशी की, डोळ्यासारखे मोठे ठिपके फक्त पुढच्या दोन पंखांवर असतात, मागच्या पंखांवर नसतात. म्हणजे एकूण डोळे दोन. रंग काळपट तपकिरी आणि दोन्ही पंख मिळून रुंदी सुमारे १२ सेंटिमीटर.

दुसरा चंद्रपतंग, म्हणजे मून मॉथ. हा एकदा पाहिला की विसरत नाही. अंग पांढरे मऊ, पंख फिकट पोपटी, पुढच्या पंखाच्या वरच्या कडेला तांबूस काठ आणि मागच्या पंखांना नऊवारीच्या सोग्यासारखी दोन लांब शेपटे. चारी पंखांवर एकेक लहान डोळा असतो. याची अळी मोईच्या पाल्यावर वाढते. आमच्या गडग्याला मोईचे झाड आहे, म्हणून हा पाहुणा आमच्याकडे वर्षाआड तरी येतोच. याची गल्लत दुसऱ्या कोणाशी होत नाही.

खरी गल्लत होते ती उरलेल्या दोघांत. एक ॲटलास आणि दुसरा टसर. दोघेही मोठे, दोघेही तांबूस तपकिरी, दोघांच्याही पंखांत आरपार दिसणाऱ्या खिडक्या. या दोघांच्या गल्लतीत मी स्वतः कशी फसले ते आता सांगते, कारण आजच्या बोलण्यातला कामाचा भाग तोच आहे.

२०२१ सालच्या ऑगस्टमध्ये, नागपंचमी झाल्यावर, आमच्या पडवीच्या जाळीवर एक मोठा पतंग येऊन बसला. मी वीत लावून पाहिली, तर माझी वीत भरली. ॲटलास हा जगातल्या सर्वांत मोठ्या पतंगांपैकी एक आहे हे मी ऐकले होते. मला वाटले, एवढा मोठा म्हणजे तोच. मी साऱ्या वाडीला सांगितले, “ॲटलास आला, बघायला या.” माणसे आली, मोबाईलवर फोटो काढले गेले. मंडळातल्या बायका मला कौतुकाने ‘पतंगवाल्या काकू’ म्हणू लागल्या. खोटे कशाला बोलू, मला ते फार आवडले. सातवी शिकलेल्या बाईला कोणी काही विचारायला येते, हे सुख लहान नव्हे. कॉलेजात शिकणारा एक मुलगाही आला आणि त्याने आपल्या अभ्यासाच्या वहीत गावाचे नाव, तारीख आणि ‘ॲटलास’ असे लिहून नेले.

त्या रात्री माझ्या मुलीने मला विचारले, “आई, याची खिडकी गोल की त्रिकोणी?” मी म्हटले, “खिडकी ती खिडकी.” ती म्हणाली, “तसे नाही. नीट बघ.” बॅटरी घेऊन पाहिले तर चारी पंखांवर एकेक गोल, भिंगासारखी खिडकी आणि तिच्याभोवती काळसर-तांबूस कडे. ॲटलासची खिडकी गोल नसते, ती त्रिकोणी असते आणि तिला काळी किनार असते. माझा पाहुणा ॲटलास नव्हता, तो टसर होता.

भगिनींनो, कबूल करायला मला तीन दिवस लागले. मनात येई, कोणाला कळणार आहे? पतंग तर उडून गेला. पण त्या मुलाची वही माझ्या डोळ्यांपुढून हलेना. माझ्या शब्दावर त्याने लिहिले होते. उद्या त्या वहीवरून दुसरा कोणी लिहील, त्यावरून तिसरा, आणि सगळ्याच्या मुळाशी माझी वीत! पाच वर्षांपूर्वी चुकीच्या नावाने माझ्या सासूबाईंचे अन्न तोडले होते हे मी जाणत होते. आता मीच चुकीचे नाव वाटून बसले होते. शेवटी चौथ्या दिवशी त्या मुलाला फोन करून सांगितले आणि पुढच्या मासिक सभेत तुम्हा सर्वांसमोरही सांगितले. काहीजणी हसल्या, हे तुम्हांला आठवत असेल. तो मुलगा मात्र दुसऱ्या दिवशी सायकलवरून आला आणि म्हणाला, “काकू, आता मला दोन्ही कळले.” तुम्ही मला अजूनही पतंगवाल्या काकू म्हणता, पण त्या सभेनंतर ते नाव मला शोभते असे वाटते.

तर आता या दोघांच्या खुणा नीट सांगते. घरी जाऊन वहीत लिहून ठेवाव्या.

ॲटलासच्या चारी पंखांवर त्रिकोणी खिडकी असते. त्याच्या पुढच्या पंखाचे टोक बाहेर वाकलेले असते आणि त्यावरचे नक्षीकाम बाजूने पाहिले तर सापाच्या डोक्यासारखे दिसते. पंख पसरले तर मोठी मादी २४ सेंटिमीटरपर्यंत भरते, म्हणजे माझ्या वितीबाहेर. याची अळी फिकट हिरवी असते आणि तिच्यावर पिठी भुरभुरल्यासारखी पांढरी भुकटी असते. ती अनेक झाडांचा पाला खाते. दालचिनी, पेरू, लिंबू ही त्यांतली आपल्या परसातली झाडे. आणखी एक गोष्ट जाणकारांनी सांगितली. आपल्या सह्याद्रीत आणि श्रीलंकेत जो सापडतो त्याला शास्त्रात अटॅकस टॅप्रोबॅनिस म्हणतात. ईशान्येकडच्या राज्यांत आणि त्यापुढच्या देशांत आढळतो तो अटॅकस ॲटलास. म्हणजे दोघे सख्ख्या भावांसारखे, बोलताना आपण दोघांनाही ॲटलासच म्हणतो.

टसराच्या चारी पंखांवर गोल खिडकी असते. पुढच्या पंखाच्या वरच्या कडेला राखाडी पट्टा असतो. आकार साधारण १५ ते १८ सेंटिमीटर. रंग मात्र फसवा. नर बहुधा विटकरी-तांबडा, मादी पिवळसर किंवा राखी, त्यातही पुष्कळ फरक. म्हणून तर मी म्हणते, रंगावर जाऊ नका. याची अळी ऐन आणि अर्जुन या झाडांच्या पाल्यावर वाढते. कोश अंडाकृती, सुपारीसारखा टणक, आणि फांदीला पक्क्या देठाने लटकलेला असतो, जणू झाडालाच फळ धरावे तसा. चुकीच्या त्या प्रकारानंतर मी घरामागच्या ऐनाखाली शोधले तेव्हा असा एक रिकामा कोश मला मिळाला. तो मी आज आणला आहे. हातोहात फिरवा, पण दाबू नका.

हाच तो टसर, ज्याचे कापड आपण पूजेला नेसतो. आपल्या राज्यात भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत ऐन-अर्जुनाच्या झाडांवर याच्या अळ्या वाढवून कोसा काढतात. पिढ्यान्‌पिढ्या हे काम करणारी ढिवर समाजाची कुटुंबे तेथे आहेत. सलग धागा मिळावा म्हणून पतंग बाहेर पडण्याआधीच कोश तापवतात. पतंग आपल्या लाळेने कोशाचे टोक मऊ करून बाहेर पडला की, तेथे भोक राहते. हा फिरवलेला कोश पाहा, टोकाला भोक आहे. म्हणजे याच्यातला जीव सुखरूप बाहेर गेला.

नर-मादी ओळखणेही सोपे आहे. नराच्या मिशा रुंद पिसासारख्या, मादीच्या अरुंद. मादी एका जागी बसून गंध सोडते आणि नर आपल्या पिसांनी तो दुरून टिपून येतो. माझ्या जाळीवर आली होती ती मादी होती. जाताना जाळीवर अंडी घालून गेली. मी ती कागदावर अलगद उतरवून ऐनाच्या फांदीला बांधली.

आणखी एक खूण वागण्याची. घुबडपतंग फळांचा रस पितो. चंद्रपतंग, टसर आणि ॲटलास या तिघांना मात्र काही खाता येईल असे तोंडच नसते. अळी असताना जे खाल्ले त्याच्या जोरावर पतंग आठवडाभर, फार तर थोडा अधिक जगतो. आपण हरतालिकेला एक दिवस निर्जळी उपवास करतो आणि दुसऱ्या दिवशी सांगत फिरतो. यांचा उपवास पंख फुटल्यापासून मरेपर्यंत! म्हणून कोणी दयेने साखरपाणी ठेवले तरी त्याचा उपयोग नाही. आणि म्हणूनच मोठा पतंग दिसला की लगेच ‘दुर्मिळ, दुर्मिळ’ म्हणून गवगवा करू नये. रात्री उडतो आणि आठवडाभर जगतो, तर आपल्या नजरेला पडणार कितीसा?

काहीजणी विचारतात, पंखावरची भुकटी डोळ्यांत गेली तर आंधळेपण येते का? तसे काही नाही. ती बारीक खवल्यांची भुकटी आहे. हाताला लागली तर हात धुवावे, डोळे चोळू नयेत, एवढे पुरे. हे पतंग चावत नाहीत, डसत नाहीत. मात्र अळ्यांच्या बाबतीत सावध असावे. अंगावर दाट केस किंवा काटे असलेल्या सुरवंटाला हात लावू नये, मुलांनाही लावू देऊ नये. त्यांतले पुष्कळ खाजरे असतात आणि अंगावर गांधी उठतात.

आता घरात पाहुणा आला तर काय करावे? आधी त्या खोलीतला दिवा मालवावा आणि दार उघडे ठेवावे. बहुतेक वेळा तो आपणच जातो. न गेला तर पुठ्ठा त्याच्या पायांपुढे सरकवावा, तो त्यावर चढतो. मग झाडाच्या सावलीच्या बाजूला ठेवावा. उन्हात ठेवू नये, कावळे टिपतात. पंखाला धरून उचलू नये. पाहताना मात्र चार गोष्टी पाहाव्या. डोळे किती आणि कोणत्या पंखांवर, खिडकी गोल की त्रिकोणी, शेपटे आहे की नाही, आणि जवळपास कोणते झाड आहे. आणि खात्री नसेल तर ‘खात्री नाही’ असे म्हणावे. मला ते तीन दिवस जड गेले, तुम्हांला जाऊ नयेत.

शेवटी एक विनंती करते. २०१२ सालापासून दर वर्षी जुलैच्या शेवटच्या आठवड्यात पतंग पाहण्याचा सप्ताह पाळतात. त्याची सुरुवात अमेरिकेत झाली आणि आता आपल्या देशातही ठिकठिकाणी लोक पतंग पाहतात. त्याला खर्च काही नाही. अंगणात दोरीवर एक पांढरी चादर टांगायची, तिच्यापुढे दिवा लावायचा आणि पाऊस उघडला की दोन तास बसायचे. पुढच्या जुलैत आपल्या मंडळाने हे करावे असे मला वाटते. चादर माझी, चहा माझा. मुलांना आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही अवश्य घेऊन या. सासूबाई असत्या तर खुर्ची टाकून पहिल्या रांगेत बसल्या असत्या.

माझे बोलणे लांबले. चूकभूल द्यावी घ्यावी आणि तो कोश तेवढा आठवणीने परत द्यावा.